हौशी अभ्यासकाचा सिद्धांत न वाचताच बाजूला का ठेवला जातो?

पदवी नसलेल्या माणसाने गुरुत्वाकर्षणावर मांडलेला नवा सिद्धांत चर्चेला घेतलाच जात नाही, यामागे अहंकाराशिवाय दुसरे काय असू शकते, असे आपण विचारले आहे. असे लेखन चाळून त्यातले काय चर्चेला ठेवायचे हे ठरवण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, म्हणून उत्तर देतो.

पदवी मी कोणालाही विचारली नाही. विचारतो ते बुधाबद्दल. इतर ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशेब करूनही बुधाच्या कक्षेचा उपसूर्यबिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, शतकाला सुमारे 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) जास्तच सरकतो. न्यूटनच्या नियमातून न सुटलेली ही शिल्लक आइनस्टाइनने 1915 मध्ये पदरचा एकही स्थिरांक, म्हणजे उत्तर जुळवण्यासाठी निवडलेला ठरावीक आकडा, न घालता काढून दाखवली. गुरुत्वाकर्षण म्हणजे ईथरचा, अर्थात सारे अवकाश व्यापून असल्याचे पूर्वी मानले गेलेल्या माध्यमाचा, दाब, असे साठ पानांत मांडणाऱ्या एका गृहस्थांना मी हाच प्रश्न केला. आठवड्याभरात उत्तर आले आणि 43 हा आकडा अचूक होता, मात्र त्यासाठी त्यांनी एक नवा स्थिरांक योजला होता. तोच शुक्राला लावल्यावर गणित फसले, तेव्हा शुक्रासाठी त्यांनी वेगळा स्थिरांक सुचवला. तिथे मी हात जोडले.

तरीही आपला आरोप अगदीच निराधार नाही. केवळ पट्टी आणि कंपास वापरून वर्तुळाचे चौरसीकरण (तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढणे), कोनाचे त्रिभाजन (तीन समान भाग करणे) व घनाचे द्विगुणन (दुप्पट घनफळाच्या घनाची बाजू काढणे), तसेच अखंड चालणारी यंत्रे यांविषयीचे कागद यापुढे तपासायचे नाहीत, असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्ये ठरवले. त्रिभाजन अशक्य असल्याची सिद्धता आली 1837 मध्ये आणि चौरसीकरणाची 1882 मध्ये; म्हणजे दार लावले गेले ते सिद्धता हाती येण्याच्या कितीतरी आधी, तपासणारे थकले म्हणून. हा थकवा मला समजतो, कारण अर्ध्या तासात लिहिलेल्या पानातली चूक नेमकी दाखवायला अख्खी संध्याकाळ जाते.

उलट, मार्जोरी राइस या गृहिणीचे औपचारिक गणित शाळेपुरतेच होते, पण 1970 च्या दशकात तिने शोधलेल्या पंचकोनी फरश्यांच्या नव्या रचना मान्य झाल्या. फटी न राहता त्या सपाटी भरतात की नाही, हे आकृती काढून तपासता येत होते.

तेव्हा बुध आणि शुक्र या दोघांचेही आकडे एकाच स्थिरांकातून काढून पहिल्याच पानावर लिहा. शुक्राचा आकडा सुमारे 8.6 विकला आहे. तो जुळला, तर उरलेली पाने मी नक्की वाचेन.