हॅलोजन भंगारात द्यावेत का? चित्रीकरणाच्या दिव्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घरगुती चित्रीकरणाविषयी लिहिताना एलईडी दिव्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : लग्नसमारंभाच्या चित्रीकरणाचा आमचा व्यवसाय वीस वर्षांपासूनचा आहे. माझ्याकडे एक हजार वॅटचे चार हॅलोजन आहेत. ते भंगारात देऊन एलईडी घ्यावेत, असा मुलाचा आग्रह आहे. मला मात्र हॅलोजनच्या उजेडात चेहरा जसा खुलतो, तसा एलईडीत खुलत नाही असे वाटते. हा केवळ सवयीचा भाग आहे की त्यात काही तथ्य आहे?
(एक व्यावसायिक, महाल)

उत्तर : आपल्या निरीक्षणात तथ्य आहे, आणि आपल्या चिरंजीवांचा आग्रहही योग्य आहे. दोघेही एकाच दिव्याच्या दोन वेगवेगळ्या गुणांविषयी बोलत आहात, म्हणून मतभेद झाल्यासारखे वाटते.

आधी आपली बाजू पाहू. हॅलोजनमधली टंगस्टनची तार तापून प्रकाशू लागते, तेव्हा तिच्यातून जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत सगळे रंग अखंड बाहेर पडतात. मध्ये कुठेही खंड नसतो, आणि तांबड्याच्या बाजूला तर हा प्रकाश विशेष सढळ असतो. माणसाची त्वचा, मग ती गोरी असो, गव्हाळ असो की सावळी, तांबडा प्रकाश इतर रंगांपेक्षा जास्त परतवते. गालावरची आणि कपाळावरची जी झाक आपण चेहऱ्याचा जिवंतपणा म्हणून ओळखतो, ती या तांबड्या भागातून येते. साध्या एलईडीत हाच भाग तोकडा पडतो, त्यामुळे चेहरा उजळ दिसूनही किंचित मेणासारखा भासतो. वीस वर्षे चेहरे पाहिलेल्या माणसाच्या नजरेला हे जाणवणारच.

आता चिरंजीवांची बाजू. आपले चारही हॅलोजन एकत्र लावले की चार किलोवॅट वीज लागते, म्हणजे २३० व्होल्टवर सतरा अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह. घरातल्या १६ अँपिअरच्या एका सॉकेटला हे झेपणारे नाही, आणि ऐन सप्तपदीच्या वेळी एमसीबी पडला की पुढे काय होते ते आपल्याला सांगायला नको. शिवाय या चार किलोवॅटची शेवटी खोलीत उष्णताच होते. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे केवळ आपल्या दिव्यांसाठी एक एसी लावला, तरी तो पुरा पडणार नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लग्नाचे मुहूर्तही त्याच दिवसांत असतात, आणि मंगलाष्टकांचा आवाज स्वच्छ घ्यायचा म्हणून कूलर बंद करायला सांगण्याची वेळ आपल्यावरच येते. अशा हवेत हजार वॅटचा दिवा चार फुटांवर ठेवून नवरीकडे हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करणे मला स्वतःला फार जड जाते. दोनशे वॅटचा एक चांगला एलईडी ढोबळमानाने हजार वॅटच्या हॅलोजनचे काम करतो. असे चार दिवे मिळून आठशे वॅट होतात आणि साडेतीन अँपिअरमध्ये भागते. सहा तासांच्या कामाला हॅलोजनवर चोवीस युनिट लागत असतील, तर इथे पाचसुद्धा लागत नाहीत.

माझा सल्ला असा, की दोन हॅलोजन काढावेत आणि दोन ठेवावेत. समईचा, कंदिलाचा किंवा चुलीचा प्रकाश दाखवायचा असेल, तेव्हा डिमरवर उतरवलेल्या हॅलोजनला तोड नाही. तो मंद होत जातो तसा आपोआप तांबूसही होत जातो, अगदी वात खाली केल्यासारखा. बहुतेक एलईडी मंद केले तरी त्यांचा रंग तिथेच राहतो, आणि अंधारलेल्या देवघरात तो परका वाटतो. ठेवलेल्या दिव्यांसाठी दोन जास्तीचे बल्ब बाळगावेत आणि बल्ब बदलताना उघडे बोट लावू नये. आपल्याला हे ठाऊक असेलच, परंतु दिवा धरणाऱ्या नव्या मुलांना कुणी सांगत नाही. बोटाचे तेल क्वार्ट्झच्या काचेला लागले, की दिवा तापल्यावर नेमक्या त्याच जागी काच दुधाळ होऊन फुगते आणि पुढे फुटते. मी असा एक बल्ब जपून ठेवला आहे; त्यावर अंगठ्याएवढा पांढरट फोड अजून स्पष्ट दिसतो.

प्रश्न : मी वर्षभरापूर्वी व्यवसाय सुरू केला. माझ्या एलईडीच्या खोक्यावर सीआरआय ९६ असे छापलेले आहे. तरीही शालूचा लाल रंग चित्रात विटकरी येतो आणि नंतर संगणकावर कितीही दुरुस्त केला तरी जमत नाही. दोष कॅमेऱ्याचा आहे की दिव्याचा?
(एक तरुण छायाचित्रकार, धरमपेठ)

उत्तर : बहुधा दिव्याचा, आणि खोक्यावरचा आकडा खरा असूनही. सीआरआय म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचे मोजमाप.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. निळ्या प्रकाशाचा काही भाग हा थर शोषून घेतो व तो पिवळा, हिरवा आणि तांबडा करून बाहेर टाकतो; उरलेला निळा त्यात मिसळला की डोळ्याला पांढरे दिसते. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, त्याच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अडचण अशी, की या प्रकाशाचा आलेख काढला तर निळ्याच्या जागी उंच सुळका दिसतो, त्याच्या लगेच पुढे आकाशी छटेपाशी खड्डा, आणि गडद तांबड्याकडे उतार. चांगले उत्पादक जास्तीचे फॉस्फर घालून हा उतार भरून काढतात. स्वस्त दिव्यात तो तसाच राहतो.

मग सीआरआय ९६ कसा? सीआरआय म्हणून छापला जाणारा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्याला आर ९ म्हणतात, आणि तो खोक्यावर सहसा नसतो. तो विचारून घ्यावा लागतो. सरासरी उत्तम असूनही आर ९ निराशाजनक असू शकतो, आणि शालूचे दुर्दैव असे, की तो नेमका याच नवव्या नमुन्याच्या वाटेला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे सीआरआय माणसाच्या डोळ्याला धरून बेतलेला आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर रंग वेगळ्या रीतीने पाहतो. म्हणून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासाठी टीएलसीआय हे मोजमाप स्वीकारले, आणि पुढे ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीच्या तंत्रज्ञांनी एसएसआय तयार केले. एसएसआयमध्ये कोणताही विशिष्ट कॅमेरा गृहीत धरत नाहीत. दिव्याचा वर्णपट टंगस्टनच्या किंवा दिवसाच्या प्रकाशाच्या वर्णपटाशी किती जुळतो एवढेच पाहतात, आणि पूर्ण जुळला तर १०० गुण देतात. त्यामुळे त्यात फसगत होण्याची शक्यता कमी असते.

जो रंग दिव्यातून निघालाच नाही, तो शालूवरून परतणार नाही आणि जे चित्रात आलेच नाही ते संगणकावर नंतर खऱ्या अर्थाने भरता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी घरच्या घरी एक चाचणी करावी. एका ताटात कुंकवाची डबी, दोन हळकुंडे, हिरव्या बांगड्या आणि लाल रेशमी कापडाचा तुकडा ठेवावा. शेजारी कुणाचा तरी हात ठेवावा. आधी हॅलोजनमध्ये आणि मग नव्या एलईडीत, दोन्ही वेळा पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा कॅमेऱ्याचा रंगतोल) नव्याने साधून, चित्रण करावे. कुंकू आणि हाताचे तळवे यांत फरक दिसला, तर तो दिवा घेऊ नये. हळद जवळजवळ सगळ्याच दिव्यांत बरी दिसते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये.

एक पुरवणी. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे ५६०० केल्विनवर ठेवले, तरी एक हिरवट आणि दुसरा गुलाबीसर दिसू शकतो, कारण केल्विनचा आकडा निळ्या व नारिंगी बाजूंमधला तोल सांगतो, हिरव्या बाजूविषयी काही सांगत नाही. म्हणून चार स्वस्त दिवे चार ठिकाणांहून घेण्यापेक्षा आरंभी एकच चांगला घ्यावा आणि उरलेले काम थर्माकोलच्या पांढऱ्या पाटीवरून प्रकाश परतवून करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : चित्रफितीत वरून खाली सरकणारे काळे पट्टे येतात. दिवा मंद केला की जास्तच. काय करावे?
(एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या पुरवठ्यावरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवावे, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये हे चढउतार सारखेच येतात आणि पट्टे दिसत नाहीत. मोबाइलवर बहुधा ३० फ्रेम आधीपासून निवडलेल्या असतात, त्या बदलाव्यात. टंगस्टनची तार एवढ्या थोड्या अवधीत थंड होत नाही, म्हणून हॅलोजनमध्ये हा त्रास फारसा जाणवला नव्हता. एलईडी मात्र क्षणात विझतो व क्षणात पेटतो, आणि अनेक दिव्यांत मंद करणे म्हणजे वेगाने उघडझाप करणे असते. अशा दिव्याचे बटण पूर्ण ठेवावे आणि उजेड कमी हवा असेल तर दिवा मागे न्यावा; अंतर दुप्पट केले की उजेड सुमारे चौथ्या हिश्शावर येतो. दिवा विकत घेताना मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचे चित्रण करून पाहिले, तर दोष दुकानातच उघडा पडतो.

प्रश्न : पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर माहितीपट करण्यासाठी आम्ही नागपूरहून वडसा भागात जाणार आहोत. मंचावर हॅलोजन असतात आणि रात्री व्होल्टेज उतरते, असे ऐकले आहे. आम्ही आमचे एलईडी लावावेत का?
(महाविद्यालयीन गट, अंबाझरी)

उत्तर : मंचावर लावू नयेत, ही माझी विनंती आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की सुरू होणारे हे प्रयोग रात्र रात्र चालतात, आणि त्या पिवळ्या उजेडातच तिथला प्रेक्षक नाटक पाहतो. मंचावर पांढरा एलईडी आला, की माहितीपटातून ती रात्रच नाहीशी होते.

व्होल्टेजचे मात्र गांभीर्याने घ्यावे. टंगस्टनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो आणि रंग-तापमानही शे-दीडशे केल्विनने खाली येते. म्हणून व्हाइट बॅलन्स ऑटोवर मुळीच ठेवू नये, नाहीतर कॅमेरा प्रत्येक चढउताराला रंग बदलत राहील. तो ३२०० केल्विनवर बांधून टाकावा. चित्र थोडे तांबूस झाले तर होऊ द्यावे. रंगपटातल्या मुलाखतींसाठी, जिथे उजेड अपुरा असतो, पिवळसर व पांढरा असे दोन्ही रंग देऊ शकणारा लहान एलईडी ३२०० वर ठेवून वापरावा. चांगल्या एलईडीचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत स्थिर काम करतो, त्यामुळे हॅलोजन मिणमिणला तरी तो ढळत नाही. तो बॅटरीवर चालवता आला तर उत्तमच. साधारण ९८ वॅट-तासांची बॅटरी १०० वॅटच्या दिव्याला पूर्ण उजेडावर तासभरही पुरत नाही, अर्ध्या उजेडावर मात्र दोन तासांच्या आसपास चालते. या हिशेबाने बॅटऱ्या न्याव्यात.

पॅनेल प्रकारच्या एलईडीत शेकडो चिप असतात, त्यामुळे जवळच्या वस्तूची सावली एकावर एक अनेक कडांची पडते. चेहऱ्याला रंग लावणाऱ्या हाताचे जवळून चित्रण करताना ओठाला टेकलेल्या काडीच्या पाच-सहा सावल्या गालावर दिसल्या, की सगळे लक्ष तिकडेच जाते. दिव्यापुढे दीड-दोन फुटांवर पांढरे मांजरपाट ताणून लावावे. सावली एक होते आणि मऊ पडते.

प्रश्न : लघुपटासाठी खिडकीतून आत येणारे उन्हाचे कवडसे हवे आहेत. एचएमआय भाड्याने घ्यावा की मोठा एलईडी?
(एक दिग्दर्शक, धंतोली)

उत्तर : एचएमआय म्हणजे दिवसासारखा पांढरा, प्रखर प्रकाश देणारा चित्रीकरणाचा दिवा. खोली लहान आणि खिडकी तळमजल्यावर असेल, तर प्रकाश एकवटणारे फ्रेनेल भिंग लावलेला सहाशे वॅटच्या आसपासचा एलईडी पुरतो. त्यात एकाच जागी दाटलेल्या चिपमधून प्रकाश निघतो, म्हणून गजांची सावली रेखीव पडते, आणि साध्या सॉकेटवर काम होते. हॅलोजनला निळे जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून ऊन करण्याचा विचार असेल, तर तो सोडावा. पूर्ण निळे जिलेटिन जवळजवळ दोन तृतीयांश उजेड अडवते.

खिडक्या अनेक असतील किंवा दिवा दूर, गच्चीच्या उंचीवर बांधायचा असेल, तर एचएमआयच घ्यावा. चार किलोवॅटचा एचएमआय चाळीस फुटांवरून जे ऊन पाडतो, ते लहान एलईडी कितीही एकत्र केले तरी तसे पडत नाही, कारण प्रत्येकाची सावली वेगळी येते. तो घेताना त्याचा बॅलास्ट, म्हणजे दिव्याला वीज नियंत्रित करून देणारा डबा, इलेक्ट्रॉनिक आहे ना, हे विचारावे, म्हणजे पट्ट्यांचा त्रास होणार नाही. दिव्याची पुढची काच तडकलेली नाही हेही स्वतः पाहावे, कारण तीच काच डोळ्यांना व त्वचेला घातक अतिनील किरण अडवते. जनरेटरची सोय आधी करावी. आणि दोन शॉटच्या मधल्या वेळेत तो विझवू नये, कारण तापलेला एचएमआय अनेकदा लगेच पुन्हा पेटत नाही. थंड होईपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्यात बाहेरचे खरे ऊन खिडकीवरून सरकून गेलेले असते.