वस्तीतल्या बायकांबरोबर त्यांच्याच आयुष्यावर नाटक बसवताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर त्यांच्याच अनुभवांवर नाटक बसवायचंय, सगळ्या तयार आहेत, संमतीच्या सह्याही झाल्यात, तर अजून काय बघायचं. मी पुण्यात वस्त्यांमध्ये हेच काम करते म्हणून लिहितेय.

सही झाली म्हणजे विषय मिटला असं धरू नका. तालमीत बाई हो म्हणते तेव्हा समोर मैत्रिणी असतात, प्रयोगाला समोर नवरा, सासू आणि गल्लीतला किराणावाला. म्हणून तिसरी घंटा होईपर्यंत तिला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि ती नाही म्हणाली तरी प्रयोग होईल अशी तयारी आपली हवी, नाहीतर "तुझ्यामुळे सगळ्यांचं अडलं" हे कुणी बोललं नाही तरी तिला ऐकू येतंच.

नुसतं नाव बदलून भागत नाही. नवऱ्याने गॅसचा सिलेंडर विकून दारू प्यायली, एवढा एक तपशील राहिला तरी अख्ख्या गल्लीला कळतं कुणाच्या घरचं ते. आम्ही तीन-चार जणींचे प्रसंग एकात एक मिसळतो आणि जिचं त्यात जास्त आहे तिला ते पात्र देत नाही, ती शेजारीण होते नाहीतर दुकानदार. त्याने नाटक पातळ होत नाही. अहमदाबादच्या छारानगरमधल्या बुधन थिएटरचं पहिलं नाटक, १९९८ चं, बंगालमध्ये पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीत मेलेल्या बुधन सबरवर होतं. करणारी पोरं छारा समाजाची, गुन्हेगार जमातीचा शिक्का त्यांच्यावरही बसलेला, तरी गोष्ट दुसऱ्याची घेतली आणि त्यात स्वतःचं सगळं सांगितलं.

आता शेवटाचं. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल स्वतः सांगायचे की त्यांच्या नाटकात जमिनीसाठी रक्त सांडा असं आवाहन होतं, ते बघून एक शेतकरी म्हणाला चला, बंदुका घेऊन आमच्याबरोबर या, तेव्हा यांना सांगावं लागलं की आमच्या बंदुका खोट्या आहेत, आणि तेव्हापासून जे आपण करणार नाही ते लोकांना करायला सांगायचं नाही हे त्यांनी ठरवलं. तुमच्या नाटकातली बाई शेवटी पोलिसांत जाणार असेल तर खऱ्या बाईबरोबर रात्री चौकीत कोण जाणार ते आधी ठरवा, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तुमच्या भागातला संरक्षण अधिकारी कोण ते शोधून त्यांना भेटून या, बायकांसाठीची १८१ हेल्पलाइन सगळ्यांना माहीत असू द्या.

आणि तालमीचे पैसे द्या, प्लीज. एका घरचं काम बुडलं की खाडा धरतात, ते नुकसान चहा-बिस्किटाने भरून निघत नाही. वेळ पण नळाला पाणी यायची सोडून ठेवा. फेसबुक लाइव्ह, रील वगैरे वस्तीतल्या प्रयोगाचं अजिबात नको, फंड देणाऱ्यांना फोटो हवेच असतील तर पाठमोरे द्या.

प्रयोग वस्तीतच करणार की बाहेर हॉलमध्ये ते सांगा, त्यावर बरंच काही बदलतं.