वाचकांचे प्रश्न : ॲनिमेशनसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. वडील दुकानांच्या पाट्या रंगवत असत. त्यांच्या हाताखाली ब्रश धरायला शिकले आणि गेली तीन वर्षे जाहिरातींसाठी रेखाटने करते आहे. सध्या तीन कामे एकदम आली आहेत. एका गूळ व्यापाऱ्याच्या संकेतस्थळासाठी हलते बोधचिन्ह हवे आहे, मावसभावाच्या कुस्तीवरील मोबाइल गेमसाठी पैलवानाच्या हालचाली हव्या आहेत, आणि मुलांच्या मालिकेचा दोन मिनिटांचा नमुना एका वाहिनीला दाखवायचा आहे. तिन्हींना चालेल असे एकच सॉफ्टवेअर कोणते? माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट आहे.

उत्तर : तिन्ही कामांची चित्रे एकाच सॉफ्टवेअरमध्ये काढता येतील, ती तिन्ही ठिकाणी पोहोचवता येतीलच असे मात्र नाही, आणि आपल्या प्रश्नातला गुंता नेमका इथे आहे. संकेतस्थळाला हलकी फाइल लागते, गेमला चित्राचे सुटे भाग आणि त्यांच्या हालचालींची नोंद लागते, तर वाहिनीला सलग तयार व्हिडिओ. तेव्हा सॉफ्टवेअरची जाहिरात वाचण्याआधी, शेवटची फाइल ज्याच्या हाती पडणार त्याला ती कोणत्या स्वरूपात हवी आहे, हे विचारून घ्यावे.

सुरुवात मावसभावापासून करावी, कारण चूक सर्वांत महाग पडते ती गेममध्ये. समजा आपण पैलवानाच्या सहा हालचाली प्रत्येकी बारा चित्रांत काढल्या आणि प्रत्येक चित्र ५१२ पिक्सेल लांबी-रुंदीचे ठेवले. अशी सोळा चित्रे २०४८ पिक्सेलच्या एका चौरस स्प्राइट शीटमध्ये, म्हणजे अनेक चित्रे शेजारी मांडलेल्या एका मोठ्या चित्रात, बसतात, म्हणजे ७२ चित्रांना पाच शीट लागतील. संकुचित न केलेले एक शीट मोबाइलच्या स्मृतीत १६ एमबी जागा अडवते. एका पैलवानाचे ८० एमबी झाले, आणि प्रतिस्पर्धी अजून आखाड्यात उतरायचाच आहे. त्याच पैलवानाचे हात, पाय, धड, डोके सुटे काढून त्यांना सांगाडा जोडला, तर सगळे भाग एका शीटमध्ये मावतात आणि हालचाल म्हणजे केवळ कोन आणि जागा यांची आकडेवारी उरते. या कामासाठी स्पाइन हे सॉफ्टवेअर गेमवाल्यांमध्ये रुळलेले आहे. त्याची खरेदी एकदाच करावी लागते, परंतु चित्राला जाळी लावून ते लवचिकपणे वाकवण्याची सोय केवळ वरच्या आवृत्तीत मिळते. चाचणी आवृत्तीत काम जतन करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. शिवाय स्पाइनची आवृत्ती आणि गेममध्ये बसवलेल्या त्याच्या रनटाइमची (गेममध्ये ती हालचाल चालवणाऱ्या भागाची) आवृत्ती जुळावी लागते. ती जुळली नाही तर फाइल उघडत नाही आणि दोघेही एकमेकांना दोष देत बसतात. मावसभाऊ गेम बनवण्यासाठी गोडो किंवा युनिटी हे सॉफ्टवेअर वापरत असेल, तर त्या दोन्हींमध्ये सांगाड्याची साधी सोय आधीच आहे. पहिल्या गेमला ती पुरेल, असे माझे मत आहे.

सांगाडा लावताना एक गोष्ट हाताने करून पाहावी. दंडाचे खालचे टोक आणि कोपराखालच्या हाताचे वरचे टोक सारख्याच त्रिज्येचे अर्धगोल काढावेत, ते एकमेकांवर पूर्ण येऊ द्यावेत आणि फिरण्याचा बिंदू त्या गोलाच्या मध्यावर ठेवावा. बिंदू थोडासा जरी सरकला, तरी पैलवान शड्डू ठोकताना कोपर निखळल्यासारखे दिसते. शड्डू, पवित्रा, खडाखडी एवढे सुट्या भागांतून छान होते. धोबीपछाडमध्ये मात्र पूर्ण शरीर पाठीवरून फिरते, बाजू बदलतात, आणि तिथे सुटे भाग कागदी बाहुल्यांसारखे दिसू लागतात. तेवढा डाव सरळ फ्रेमवार, म्हणजे एकेक चित्र करत, हाताने काढावा. मिश्र पद्धत वापरण्यात कमीपणा काहीच नाही.

वाहिनीच्या कामात सॉफ्टवेअरपेक्षा आधी फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दाखवायची ते, ठरवावा. आपल्याकडे प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने होते, तर ब्लेंडर आणि ओपनटून्झ ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर २४ वर असतात. दोन मिनिटांचा नमुना २४ ने केला तर २८८० फ्रेम होतात. त्याच फ्रेम २५ च्या वेगाने चालवल्या की नमुना सुमारे पाच सेकंद आधी संपतो आणि आवाज ओठांच्या मागे राहतो. हा आकडा पहिल्याच दिवशी बदलून ठेवावा, आणि अक्षरे चौकटीच्या कडांपासून आत ठेवावीत.

मालिका करणाऱ्या मोठ्या स्टुडिओंत टून बूम हार्मनी सर्रास वापरले जाते, आणि त्याला कारण आहे : बावीस मिनिटांच्या एका भागात ३३ हजार फ्रेम असतात, दर दोन फ्रेमला एक चित्र धरले तरी साडेसोळा हजार चित्रे होतात, आणि एवढा भार सांगाड्यावर टाकल्याशिवाय वेळेत काम निघत नाही. आपला नमुना मात्र दोनच मिनिटांचा आहे. त्यासाठी वर्षाचे भाडे भरू नये. ओपनटून्झ मोफत आहे. ज्या टून्झवरून ते निघाले ते इटलीत तयार झाले, जपानच्या स्टुडिओ जिबलीने वापरले आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची मांडणी पहिले काही दिवस डोके उठवते, पण हाताने काढलेल्या रेषेला ते चांगला न्याय देते. मालिका मंजूर झाली आणि स्टुडिओने हार्मनी मागितले, तर त्या वेळी खर्च मालिकेच्या अंदाजपत्रकात धरता येईल. साधने मोफत आहेत म्हणून संकोच वाटत असेल, तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटांकडे वळलेल्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा बनवून घेतला होता, एवढे आठवावे.

गुळाच्या बोधचिन्हासाठी जीआयएफ वापरू नये. त्यात एका चित्रात २५६ च रंग मिळतात आणि अर्धपारदर्शकता मुळीच मिळत नाही, त्यामुळे काहिलीवरची वाफ कडेला करवतीसारखी दिसते. साधी हालचाल एसव्हीजी (रेषा-आकारांची चित्रफाइल) आणि सीएसएस (संकेतस्थळाची मांडणी ठरवणारी भाषा) यांनी होते. त्याहून अधिक हवे असल्यास आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधून बॉडीमूव्हिन या त्याच्या जोडणीच्या मदतीने लॉटी नावाची हलत्या चित्राची हलकी फाइल काढावी. कागद कापून छायाचित्रपट करणाऱ्या लोटे राइनिगर यांच्या नावावरून लॉटी हे नाव आले आहे. लॉटीला आकार आणि हालचाली समजतात, आफ्टर इफेक्ट्समधले धूर, धूसरता असले बरेच परिणाम समजत नाहीत. ते वगळावेत किंवा तेवढा भाग व्हिडिओ म्हणून द्यावा. देवनागरी अक्षरे मजकूर म्हणून ठेवू नयेत, आकारांत रूपांतरित करावीत. मी एकदा हे विसरलो होतो, तेव्हा ग्राहकाच्या मोबाइलवर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली आणि जोडाक्षराचे पाय मोडले.

मूळ फाइलींबाबतही एक सांगतो. २००९ च्या सुमारास मी एका प्रकाशनासाठी मुलांचे हलते धडे फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केले होते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार संपला आणि काही दिवसांतच ते धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. रफल नावाच्या मुक्त प्रणालीत त्यांतले काही आजही चालतात. परंतु ज्यांची मूळ रेखाटने वेगळी ठेवली नव्हती, त्यांत दुरुस्ती करता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही असो, रेखाटने एसव्हीजी किंवा पीएनजी म्हणून आणि आवाज वेगळ्या फाइलीत ठेवावा.

आपल्या लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर आणि ओपनटून्झ चालतील. ब्लेंडरची किमान अपेक्षाच ८ जीबी आहे, त्यामुळे त्याचे ग्रीस पेन्सिल हे रेखाटनाचे साधन वापरताना ब्राउझर बंद ठेवावा.

प्रश्न : मुलगा बारावी झाला आहे. शाहूपुरीतल्या एका वर्गाच्या पत्रकात एका वर्षात बारा सॉफ्टवेअर शिकवू असे छापले आहे. प्रवेश घ्यावा का?

उत्तर : पैसे भरण्यापूर्वी मुलाला महिनाभर पेन्सिलटूडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोनच गोष्टी करू द्याव्यात : उसळणारा चेंडू, आणि खांद्यावर घागर घेऊन चालणारा माणूस. घागरीचे वजन त्या चालीत दिसू लागले, तर वर्गात जाऊन मागील विद्यार्थ्यांची कामे मागावीत आणि त्यांतल्या माणसांच्या चालण्यात वजन दिसते का, ते मुलालाच पाहू द्यावे.