जमीन विकण्याआधी हिशेब मांड

प्रश्न : मी पुण्यात कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी नारायणगावला द्राक्षबाग. जर्मनीत मास्टर्स करायचंय, तर बाबा एक एकर विकायला निघालेत. काय करू?
– एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : आधी बाबांना थांबव! तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसतं. होहेनहाइम विद्यापीठात कृषी व्यवसायाचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पण ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं. तिथे आपल्याकडच्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. खरा भार राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. ते पैसे तुझेच, दरमहा ९९२ युरो हातात येतात. म्हणून म्हणते, शैक्षणिक कर्जाची चौकशी कर. विकलेली जमीन पुन्हा मिळत नाही.

व्हिसाआधी तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राला वेळ लागतो, ते आधी उरक. प्रवेश अर्जासोबतच्या हेतुपत्रात ‘शेतकऱ्यांची सेवा’ वगैरे नको, वाचणाऱ्याला कंटाळा येतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधांचे अंश तपासतात, त्यात माल नाकारला तर तोटा कोण सोसतो, ते लिही. हे तुझ्या घरचं आहे.

आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी दुकानात, बसमध्ये जर्मनच लागणार. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जर्मनचे वर्ग चालतात, शिवाजीनगरहून चालत जाशील.