वाचकांचे प्रश्न : एक टेबल, चार टेबले आणि अवधान

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली काही वर्षे मँचेस्टरमध्ये नोकरी करतो. येथे ऑनलाइन पोकर कायदेशीर असल्याने आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मी सहा खेळाडूंच्या टेबलावर, 5 आणि 10 पेन्सच्या ब्लाइंडवर (दोन खेळाडूंनी डावाच्या सुरुवातीला लावायच्या सक्तीच्या रकमा) होल्डेम, म्हणजे प्रत्येकाला दोन गुप्त पाने आणि मध्ये सर्वांसाठी पाच सामाईक पाने असलेला पोकर, खेळतो. एका टेबलावर बराच वेळ नुसती पाने टाकून देत बसावे लागते, म्हणून गेल्या महिन्यात मी एकदम सहा टेबले उघडली आणि वर्षभरात जमवलेले बरेचसे घालवले. एकदा तर बोर्डावर, म्हणजे मधल्या सामाईक पानांत, तीन किलवर होते, माझ्या हातात किलवरचा एक्का आणि नव्वी आहे, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने जमली, असे समजून मी सगळे चिप लावले; पाने उलगडल्यावर लक्षात आले की माझा एक्का इस्पिकचा होता. अनेक टेबलांवर खेळण्याची सवय कशी करावी?

उत्तर : तुमच्या पत्रातील एक्क्याच्या प्रसंगापासूनच सुरुवात करतो, कारण तो उपाय सर्वांत सोपा आहे. बहुतेक संकेतस्थळांच्या मांडणीत चार रंगांच्या पानांची सोय असते, जिच्यात इस्पिक काळे, बदाम लाल, चौकट निळी आणि किलवर हिरवे दिसते. ही सोय आजच सुरू करा. दोन काळ्या चिन्हांमधला फरक एका टेबलावर डोळा सहज टिपतो, परंतु सहा लहान खिडक्यांवरून नजर फिरत असताना तो हमखास चुकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समोरासमोर बसून खेळताना तासाला साधारण 25 ते 30 डाव होतात, तर सहा जणांच्या ऑनलाइन टेबलावर ते 75 च्या आसपास जातात. समजा, एका टेबलावर लक्षपूर्वक खेळताना तुम्ही शंभर डावांमागे 6 बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा, तुमच्याकडे 10 पेन्सचा) मिळवता. म्हणजे तासाला साडेचार, तुमच्या टेबलावर 45 पेन्स. चार टेबलांवर लक्ष विभागल्यामुळे तोच आकडा शंभरामागे 3 वर आला, तरी तासाला 300 डाव होत असल्याने 9 बिग ब्लाइंड, म्हणजे 90 पेन्स मिळतात. मात्र सहा टेबलांवर तो आकडा 1 वर घसरला, तर 450 डाव खेळूनही हाती पुन्हा साडेचारच बिग ब्लाइंड येतात. त्याहून खाली गेला, तर तुम्ही सहापट श्रम करून एका टेबलापेक्षाही कमी मिळवता. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले असले, तरी घसरण कोठे सुरू होते हे शोधणे हाच या शिकण्याचा गाभा आहे आणि ती जागा प्रत्येकाची वेगळी असते.

ही घसरण का होते, हे नीट समजून घ्यायला हवे. आपण पाने टाकून दिली की डाव संपला असे तुम्हाला वाटते आणि त्याचाच तुम्हाला कंटाळा येतो. परंतु पोकरमध्ये सर्वाधिक शिकायला मिळते ते आपण सोडून दिलेल्या डावांतच. अर्धा तास काहीही न खेळलेल्या माणसाने टर्नवर (चौथे सामाईक पान उघडल्यावर) अचानक मोठी रक्कम लावली, किंवा बटनवर (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी निर्णय घेण्याच्या, डावागणिक पुढे सरकणाऱ्या जागेवर) आला की एखादा माणूस जवळजवळ प्रत्येक वेळी रेझ करतो (रक्कम वाढवतो), ही माहिती फुकट मिळते आणि पुढच्या तासाभरात तीच पैसे मिळवून देते. सहा टेबले उघडल्यावर दिसतात ती फक्त स्वतःची पाने. समोरचा माणूस दिसेनासा होतो, आणि लहान रकमांच्या टेबलावर तर समोरच्याच्या ढोबळ चुका हेच उत्पन्नाचे मुख्य साधन असते.

म्हणून महिनाभर दोनच टेबलांवर खेळा. दोन्ही सारख्याच ब्लाइंडची आणि सहाच जणांची असू द्या, आणि खिडक्या एकमेकींवर न ठेवता शेजारी शेजारी मांडा, म्हणजे आपली पाळी नसतानाही दुसरे टेबल दिसत राहील. आधी निर्णय घ्यावा लागणाऱ्या पहिल्या जागांवरून खेळायची पाने थोडी कमी करा. ज्या पानांनी फ्लॉपनंतर (पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर) अवघड पेच पडतो, ती आधीच टाकून दिलेली बरी. पडद्यावरची रकमेची बटणे आधीच ठरवून ठेवा, जेणेकरून ऐन वेळी आकडा टाइप करावा लागणार नाही. एका टेबलावर मोठा पॉट (मध्ये जमलेली रक्कम) सुरू असताना दुसरीकडे मध्यम प्रतीची पाने आली, तर ती बिनदिक्कत फोल्ड करा, म्हणजे टाकून द्या. तेथे गेलेले पाच-दहा पेन्स ही लक्ष एकाग्र ठेवण्याची किंमत समजावी.

तिसरे टेबल केव्हा उघडावे, याची एक कसोटी मी स्वतः अनेक वर्षे वापरली. खेळ संपताच प्रत्येक टेबलावरचा एक मोठा डाव, नोंदी न पाहता, वहीत लिहून काढायचा : कोणी रेझ केले, कोणत्या जागेवरून केले, आणि त्याच्याबद्दल मला आधी काय ठाऊक होते. शेवटच्या प्रश्नापुढे जागा कोरी राहू लागली की एक टेबल कमी करायचे. वहीत चार टेबलांपर्यंतच माझ्याकडे उत्तरे असत. पाचव्याला कधीच नसत, आणि हे मान्य करायला मला फार उशीर झाला.

हिशेबातील नफ्या-तोट्यावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. सहा जणांच्या होल्डेममध्ये चढउतार इतके मोठे असतात की 10,000 डाव खेळून झाल्यावरही शंभर डावांमागचा तुमचा आकडा खऱ्या कौशल्यापेक्षा आठ-दहा बिग ब्लाइंड वर किंवा खाली असू शकतो. त्यामुळे तुमच्या महिन्याभराच्या तोट्यात सहा टेबलांचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे केवळ पैशांवरून सांगता येणार नाही. वहीवरून सांगता येईल.

अष्टावधानी खेळाडूंच्या कथा तुमच्याही कानावर आल्या असतील. रँडी ल्यू या अमेरिकी व्यावसायिक खेळाडूने 2012 मध्ये बहामामध्ये 8 तासांत 23,493 डाव खेळून गिनेस विक्रम केला, म्हणजे तासाला 2,900 हून अधिक. त्या 8 तासांचा त्याचा नफा होता 7 डॉलर 65 सेंट. एवढ्या वेगात नफ्यात राहणे हे असामान्य कौशल्य आहे याबद्दल शंका नाही, पण तो आकडाही लक्षात ठेवावा.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. चार टेबले म्हणजे चारपट वेगाने पैसा फिरतो, म्हणून टेबल वाढवण्याआधी खात्यात भरण्याच्या रकमेची मर्यादा घालून घ्या. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी आहे, तरी डेबिट कार्ड रिकामे व्हायला वेळ लागत नाही. हात आवरत नाही असे जाणवले, तर ‘गॅमस्टॉप’ या विनामूल्य योजनेत नाव नोंदवून तेथील सर्व परवानाधारक संकेतस्थळे एकदम स्वतःला बंद करून घेता येतात.

प्रश्न : माझा मुलगा नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशी संकेतस्थळावर चार टेबले खेळून शिक्षणाचा खर्च काढीन, असे तो म्हणतो. आई म्हणून मी काय करावे?

उत्तर : त्याला स्पष्ट नकार द्यावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद ठेवलेला नाही, आणि परदेशातून भारतात दिली जाणारी सेवाही त्यात येते. अशा संकेतस्थळाने पैसे अडवून ठेवले, तर दाद मागायला मुलाला जागा उरत नाही. तो आधीच खेळत असेल, तर रागावण्यापूर्वी शांतपणे शेजारी बसून त्याच्या बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा दोघांनी मिळून पाहावा : किती भरले आणि किती परत आले, हे दोन रकाने त्याच्याच हाताने लिहून घ्यावेत.