जागतिक रोड सायकल स्पर्धेचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): 2024 ला झ्युरिकमध्ये आणि 2025 ला रवांडातल्या किगालीत स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार शंभर किलोमीटर बाकी असतानाच सुटला. मागच्यांनी त्याला धरलं का नाही?

उत्तर: मागच्या घोळक्यात पुढे राहून वारा कापत इतरांना ओढणार कोण, हेच ठरत नाही. इथे संघ देशांचे असतात, मोठ्या देशाचे साधारण आठ जण. कानात रेडिओ नसतो, अंतर कळतं ते मोटारसायकलवरच्या पाटीवरून. पुढच्याच्या चाकाला चाक लावलं की जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद वाचते, म्हणून प्रत्येक देशाचा म्होरक्या दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

दुसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. झ्युरिकमध्ये पोगाचारचा सहकारी यान त्रात्निक आधीच पुढच्या टोळीत होता. तो थांबला आणि त्याने पोगाचारला ओढत नेलं. म्हणून सकाळी पळालेल्या टोळीत कोणत्या देशाचा माणूस आहे, हे आधी टिपून ठेवा.

नावांच्या आधी मार्ग पाहा. किगालीत 267.5 किलोमीटर आणि सुमारे 5,475 मीटर चढ होता. शेवटपर्यंत पोचले फक्त 30. दौलताबादचा घाट एकदा जोरात चढणं वेगळं आणि सहा तासांनंतर तसाच चढ पुन्हा चढणं वेगळं. अशा मार्गावर स्प्रिंटरचं, म्हणजे सपाटीवर शेवटी जोरात मुसंडी मारणाऱ्याचं, नाव खोडूनच टाका. 2026 ची स्पर्धा मॉन्ट्रियलला आहे. तिथली एकदिवसीय शर्यत पोगाचारने 2022 आणि 2024 ला जिंकली आहे, तेव्हा यादीत पहिलं नाव त्याचंच.

प्रश्न (परभणी): मार्ग सपाट असेल तर?

उत्तर: मग वारा पाहा. आपल्याकडच्या उघड्या माळावर आडवा वारा सुटला की काय होतं, ते तुम्ही जाणताच. वारा डावीकडून असला की प्रत्येक जण पुढच्याच्या उजव्या अंगाला, किंचित मागे सरकतो. रस्त्याच्या रुंदीत अशी दहा-पंधरा जणांचीच तिरकी रांग मावते. उरलेले उजव्या कडेला एकामागे एक लागतात, त्यांना आडोसाच मिळत नाही. तिथे एक जण पुढच्याच्या चाकापासून मागे पडला की त्याच्या मागचे सगळे तुटतात. 2016 ला दोहाच्या वाळवंटात बेल्जियमने जत्था असाच फोडला. पण पुढच्या टोळीत स्लोव्हाकियाचा पीटर सागानही टिकून होता आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये तोच जिंकला.

प्रश्न (लातूर): टीव्हीवर पाहताना कोण दमलाय, हे कसं ओळखावं?

उत्तर: चढाच्या पायथ्याशी जागा पाहा. पुढच्या वीसांतला माणूस चाळिसाव्यावर घसरला आणि खांदे डोलू लागले, की समजा. खाणंही पाहा: तासाला 90 ते 120 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. चौथ्या तासाला खायचं राहिलं, तर सहाव्या तासाला पाय उचलत नाहीत.