‘उपकारस्तुतीला उभी राहिले आणि तोंडातून शब्दच फुटेना’

“सलाम ताई,” म्हणून त्या बसल्या, पण पर्स काही मांडीवरून खाली ठेवली नाही. मग एका दमात म्हणाल्या, “माझा विश्वास आटलाय. देवानं नवरा परत दिला, आणि मला त्याचे आभार मानावेसेच वाटत नाहीत.”

ही काळजी मन मोकळं करायला माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती बहिणींकडून मी अनेकदा ऐकली आहे. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाला उशिरा मूल झालेलं असतं, कुणाचं ऑपरेशन पार पडलेलं असतं. चर्चची मंडळी सांगते ‘देवाचे उपकार मोज’, आणि मोजायला बसलं की आत काहीच हलत नाही. मग आधीच्या दुःखावर अपराधाचा आणखी एक थर चढतो. म्हणून ही हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. त्या शाळेत शिकवतात, सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. मीही इथे बाईच म्हणेन.

बाई नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या. यजमान वर्कशॉपमध्ये फिटर आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटीवर. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं त्यांना पुस्तक न उघडता येत. एका सकाळी दाढी करताना ते बेसिनपाशीच कोसळले. पक्षाघात. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं. जीव वाचला. घरी आणल्यावर आठवड्याभरात महिला मंडळाने उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, भक्ती ठेवली. खुर्च्या आल्या, चहा-केक झाला, पाळकसाहेबांनी बायबलमधल्या वचनावर संदेश दिला आणि म्हणाले, आता बाई साक्ष देतील, देवाने काय केलं ते सांगतील.

“मी उभी राहिले. आतल्या खोलीत यांचं अंथरूण ओलं झालेलं मला वासावरून कळत होतं. बोलायचं होतं ‘देवाचे आभार’. शब्दच फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, बोला बाई, कित्येकांची माणसं तर परतच येत नाहीत. मी रडत खाली बसले. सगळ्यांना वाटलं, आनंदाश्रू. टाळ्या वाजवल्या, ताई.”

त्या टाळ्या बाईंना सगळ्यात जास्त लागल्या होत्या.

अशा वेळी मी आधी विश्वासाबद्दल विचारत नाही. झोप किती, जेवण जातं का, पूर्वी आवडायचं त्यात मन लागतं का, जगणं नकोसं होतं का, हे विचारते. आभार न वाटणं हे पुष्कळदा पाप नसून आजाराचं लक्षण असतं. उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, आणि मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. प्रार्थना चालू ठेवून गोळी घेता येते, दोन्हींचं भांडण नाही. बाईंची झोप जेमतेम चार तास होती, कारण रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागे. पण शाळेत पोरांबरोबर त्या हसत होत्या, जेवत होत्या, जगायचं होतं. त्या आजारी नव्हत्या, थकल्या होत्या. आणि आतून भडकल्या होत्या. राग देवावर होता, हे म्हणायला त्यांना तीन भेटी लागल्या.

आभाराची वही लिहायला मी सांगितलं नाही. त्याऐवजी बायबलमधलं स्तोत्र १३ उघडून त्यांनाच मोठ्याने वाचायला दिलं. सहा वचनांचं छोटं स्तोत्र. पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? तू मला कायमचा विसरणार का? बाई थांबल्या, परत वरून वाचलं. “वीस वर्षं संडे स्कूल घेतेय मी. आम्ही २३ आणि १०० पाठ करून घेतो. हे कधीच नाही घेतलं.” १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. तेरावं शेवटी गाण्याकडे वळतं. अठ्ठ्याऐंशीवं वळतही नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कुणी ते काढून टाकलं नाही.

पुढच्या वेळी त्या स्वतःच एक वचन घेऊन आल्या, मला पेचात पकडायलाच जणू. “पण पौल तर म्हणतो ना, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’?” म्हणतो. बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रात. मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही व्याकरण शिकवता, विभक्ती बघा. ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. पक्षाघाताबद्दल आभार माना असं तिथे लिहिलेलं नाही. बाई हुशार. लगेच म्हणाल्या, इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे. ते खरंच आहे, आणि ते झाकून पुढे जाणं मला पटत नाही. पण तेच पत्र शेवटी काय सांगतं? लिहिणारा बेड्यांत आहे आणि धैर्याने बोलता यावं म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा, असं मागतो आहे. करिंथकरांना तोच पौल कळवतो की शरीरातला काटा काढून टाक म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. आभार मानणाऱ्या या माणसाने मागणंही सोडलं नाही आणि दुखतंय हे लपवलंही नाही.

मला मात्र जास्त चीड आली होती ती त्या मागच्या खुर्चीतून आलेल्या वाक्याची. ‘कित्येकांची माणसं परतच येत नाहीत.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मानते. पण दुसऱ्याच्या मरणाच्या मापाने आपलं सुख मोजायचं, याला उपकारस्तुती कसं म्हणावं? लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, देवळात उभा राहून ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ म्हणणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस आहे. त्याचे आभार कशाबद्दल? मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा, लोक पापी समजत त्या कर गोळा करणाऱ्यासारखा, तर नाहीच, याबद्दल. येशूने नीतिमान ठरवून घरी पाठवला तो जकातदार, ज्याला मान वर करून बघवतही नव्हतं.

अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास कृतज्ञतेच्या वह्यांच्या निमित्ताने नेहमी सांगितला जातो. त्यातला एक भाग सहसा सांगायचा राहतो. एका प्रयोगात त्यांनी तीन गट केले होते. एकाने मिळालेल्या गोष्टी लिहायच्या, एकाने दिवसातले त्रास, आणि एकाने आपण इतरांपेक्षा कशात बरे आहोत ते. मिळालेलं लिहिणारे इतर दोन्ही गटांपेक्षा दुसऱ्याच्या अडचणीला जास्त धावून गेले. ‘माझं बरं आहे’ आणि ‘मला मिळालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्या वाक्यात देणारा कुणीतरी असतो.

तिसऱ्या महिन्यात बाई अवेळी आल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या नेहमीसारखं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत होत्या, आणि शेजारून यजमानांचा आवाज आला. अडखळत, पण आला. आमेनपर्यंत सबंध. बाईंनी रात्री दहाला नातेवाइकांना फोन लावले. सकाळी पेला पुढे करून विचारलं, हे काय? त्यांना ‘पाणी’ म्हणता आलं नाही. बाईंचं नाव तर नाहीच.

“म्हणजे देवाला हाक मारता येते आणि मला नाही? याचेही आभार मानू मी?”

वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने त्यांना नीट समजावलं होतं. मेंदूची डावी बाजू दुखावली की नवीन वाक्य जुळवणं अवघड होतं, पण पाठ असलेली प्रार्थना, गाणं, एक ते दहा आकडे बऱ्याच वाचाघात झालेल्या माणसांना म्हणता येतात. तो चमत्कार नव्हता आणि देवाने केलेला दुजाभावही नव्हता. पण बाईंचं दुखणं माहितीने बरं होणारं नव्हतं. मी फक्त एवढंच म्हटलं की हे मला नको, देवालाच सांगा. याच शब्दांत.

त्यांनी सांगितलं. बोलून नाही, शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. पुढच्या भेटीला ती वही माझ्यासमोर ठेवली. पान भरून तक्रार होती, मास्तरणीच्या वळणदार अक्षरात, देवाला ‘तू’ म्हणून. आणि सगळ्यात खाली एकच ओळ: ‘पण आवाज त्यांचाच होता.’

हे मी त्यांच्याकडून मागितलं नव्हतं. कुणीच मागितलं नव्हतं.

वही तशीच चालू राहिली. काही दिवस नुसती तक्रार, खाली काही नाही, आणि ते मी चालू दिलं. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला, ही लूकमधली गोष्ट आपण नेहमी नऊ कृतघ्नांना बोल लावायला सांगतो. पण आधी ते दहाही जण लांब उभं राहून ‘आमच्यावर दया करा’ म्हणून ओरडतात, आणि येशू त्यांच्याकडे आधी आभार मागत नाही. जो परत येतो तो बरं झाल्याचं बघून, आपण होऊन येतो. नवांचा रोग परत आला, असंही लूक कुठे लिहीत नाही.

हळूहळू खालची ओळ येऊ लागली. त्यातल्या काही त्यांनी मला इथे लिहायला दिल्या: ‘रात्रीची चादर सकाळपर्यंत कोरडी.’ ‘डाव्या हाताने शर्टाचं एक बटण लावलं, चुकीच्या काजात.’ ‘सहावीच्या पोरींनी फळा पुसून ठेवला.’ ‘शेजारच्या भाभीने न सांगता दळण आणलं.’ ही भाभी मुसलमान. मंगळवारी स्वतःचं दळण गिरणीत नेताना बाईंचा डबा उचलून न्यायची, चार महिने झाले होते. बाई म्हणाल्या, “मी रोज ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ म्हणते ताई. पीठ कोण आणतंय ते बघितलंच नव्हतं.”

कापणीच्या सणाला देवळात बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या आल्या. आलेल्या वस्तूंच्या लिलावाआधी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. बाई आपण होऊन उठल्या. काय बोलल्या ते मला दोन दिवसांनी सांगितलं: “माझे यजमान बरे झालेले नाहीत. कुठवर, असं मी देवाला रोज विचारते. आणि आमच्या शेजारणीच्या हाताने त्याने माझ्या घरात पीठ पाठवलं, म्हणून मी त्याची उपकारस्तुती करते.” टाळ्या वाजल्या नाहीत. खाली बसल्यावर बाजूच्या म्हातारीने त्यांचा हात धरला आणि लिलाव संपेपर्यंत सोडला नाही.

यजमानांना बाईंचं नाव अजून म्हणता येत नाही. वही चालू आहे. मागच्या भेटीत मी पुढची तारीख काढत होते तर बाई म्हणाल्या, मंगळवार तेवढा नको. भाभीचा गुडघा धरलाय. आता दोन्ही घरांचं दळण न्यायची पाळी त्यांची.